‘बिस्त्रो’ या शब्दाची कोसॅक कथा आणि त्याचा खरा इतिहास

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत शहरातील नव्या खाद्यगृहांविषयी जो लेख आला आहे, त्यात ‘बिस्ट्रो’ या शब्दाची जन्मकथा चौकटीत छापली आहे. नेपोलियनचा पराभव करून १८१४ साली रशियन सैन्य पॅरिसमध्ये शिरले, त्या सैन्यातील कोसॅक घोडेस्वार दारूच्या दुकानांत येऊन ‘बीस्त्रा, बीस्त्रा’, म्हणजे ‘लवकर, लवकर’, असे ओरडत आणि त्या ओरडण्यावरूनच झटपट खाणेपिणे देणाऱ्या छोट्या दुकानाला ‘बिस्त्रो’ हे नाव पडले, अशी ती कथा आहे. लेखकाने ती पूर्ण विश्वासाने सांगितली आहे आणि त्यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही, कारण हीच कथा प्रवासवर्णनांत, पर्यटकांच्या माहितीपुस्तिकांत आणि हॉटेल व्यवस्थापनाच्या वर्गांतही सांगितली जाते. फ्रेंच शिकवताना हा प्रश्न वर्गात वारंवार माझ्यासमोर आला. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही, आणि तिच्यामुळे या शब्दामागची खरी माणसे झाकली जातात, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र काहीसे लांबले आहे, परंतु विषयच असा आहे की तो चार ओळींत उरकता येत नाही.

प्रथम कथेला आधार म्हणून जे दाखवले जाते ते पाहू. पॅरिसच्या उत्तरेला मोंमार्त्रची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर प्लास द्यु तेर्त्र नावाचा चौक आहे आणि त्या चौकात ‘ला मेर कातरीन’ हे जुने रेस्टॉरंट आहे, जे आपली स्थापना १७९३ सालची सांगते. त्याच्या दर्शनी भिंतीवर एक पाटी लावलेली आहे. ३० मार्च १८१४ रोजी कोसॅकांनी याच जागी आपला सुप्रसिद्ध ‘बिस्त्रो’ हा शब्द प्रथम उच्चारला आणि त्यातून आपल्या बिस्त्रोंचा पूर्वज जन्माला आला, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. पर्यटक तिचे छायाचित्र काढतात आणि भिंतीवर कोरलेले खरेच असणार असे मानून घरी येतात. त्याच पाटीवर ‘१८० वा वर्धापनदिन’ असेही लिहिले आहे, म्हणजे ती १९९४ सालची आहे, आणि ती लावणारी संस्था जुन्या मोंमार्त्रमध्ये पर्यटकांनी यावे यासाठी काम करणारी स्थानिक संस्था आहे. घटनेनंतर एकशे ऐंशी वर्षांनी लावलेली पाटी त्या घटनेचा पुरावा होऊ शकत नाही. कथा लोकप्रिय आहे, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते.

पाटीवरची तारीखही नीट तपासून पाहण्यासारखी आहे. ३० मार्च १८१४ हा पॅरिसच्या लढाईचा दिवस होता. त्या दिवशी मोंमार्त्रच्या उतारावर प्रत्यक्ष रणधुमाळी चालू होती आणि दुपारनंतर रशियन सेवेतील सेनापती लांजरों याच्या तुकड्यांनी टेकडी सर केली. शरणागतीचा करार झाला तो ३१ तारखेच्या पहाटे, आणि झार अलेक्झांडर पहिला व प्रशियाचा राजा यांनी शहरात प्रवेश केला तो त्याच दिवशी, काही तासांनी. लढाई सुरू असलेल्या दिवशी, ती जिथे पेटली होती त्याच टेकडीवर एखाद्या शब्दाचा ‘प्रथम उच्चार’ झाला आणि तो कोणीतरी ध्यानात ठेवला, हे मानणे कठीण आहे.

कोसॅक पॅरिसमध्ये होते, यात मात्र शंका नाही. शांजेलिझेच्या झाडांखाली त्यांचा तळ पडला होता, ते सेन नदीत घोडे धूत असत, आणि हे सारे दृश्य पॅरिसकरांना इतके नवलाचे वाटले की त्याची असंख्य चित्रे निघाली. गेओर्ग इमॅन्युएल ओपित्झ या जर्मन चित्रकाराने काढलेल्या रंगचित्रांत कोसॅक बाजारात हिंडताना आणि पॅरिसच्या लोकांत मिसळताना दिसतात. त्यामुळे कथेची पार्श्वभूमी खरी आहे, आणि म्हणूनच ती पटते. परंतु त्या सैन्याविषयी एक गोष्ट विसरली जाते. रशियन सरदार घराण्यांत त्या काळी फ्रेंच ही जणू घरचीच भाषा होती. अधिकाऱ्यांपैकी अनेकांना ती उत्तम येत असे आणि ते पॅरिसच्या उपाहारगृहांत फ्रेंचमध्येच फर्मावत. शिवाय सैन्य एकट्या रशियाचे नव्हते. प्रशियन आणि ऑस्ट्रियनही त्यात होते, आणि त्यांच्या जर्मन भाषेतील हाकांपैकी एकही पॅरिसच्या दुकानाचे नाव झाल्याचे कोणी सांगत नाही.

सर्वांत मोठी अडचण काळाची आहे. फ्रेंच भाषेच्या प्रमाणभूत कोशांनी या शब्दाचा सर्वांत जुना छापील आढळ १८८४ सालचा दिला आहे. मोरो नावाच्या धर्मगुरूने पॅरिसमधील रोकेत या दोन तुरुंगांच्या आठवणी त्या वर्षी प्रसिद्ध केल्या, त्यांत तो आला आहे. १८१४ ते १८८४ म्हणजे बरोबर सत्तर वर्षे. एखादा शब्द कागदावर न येता बोलीत काही काळ राहू शकतो, हे मी मान्य करतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील पॅरिसची बोली ही कागदावर न आलेली बोली नव्हती. चोरांची, कामगारांची, शिपायांची आणि उपनगरांतील लोकांची भाषा टिपून घेण्याचा त्या शतकाला छंदच जडला होता. आल्फ्रेद देल्व्हो याचा बोलीशब्दांचा कोश १८६६ सालचा आहे. एमिल झोला याची ‘लासोम्वार’ ही कादंबरी १८७७ साली पुस्तकरूपाने आली. ती दारूच्या दुकानाभोवती फिरते, मोंमार्त्रच्या पायथ्याशीच असलेल्या गूत दोर या कामगार वस्तीत घडते, आणि त्या वस्तीची बोली तिच्या पानोपानी भरलेली आहे. मोंमार्त्रवर १८१४ पासून ‘बिस्त्रो’ हा शब्द खरोखर रुळलेला असता, तर टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या, दिवसाकाठी दोनदा दारूच्या दुकानात जाणाऱ्या त्या माणसांच्या तोंडी तो आलाच असता. तो तिथे नाही.

दुसरी अडचण उच्चाराची आहे. रशियन शब्दात आघात पहिल्या अक्षरावर आहे आणि शेवटचा आघातहीन ‘ओ’ मॉस्कोकडील बोलण्यात ‘आ’सारखा ऐकू येतो. फ्रेंच माणूस मात्र शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर जोर देतो आणि तिथला ‘ओ’ स्पष्ट उच्चारतो. रशियन शब्द केवळ कानांनी ऐकून फ्रेंचमध्ये आला असता, तर त्याचा शेवट वेगळा झाला असता. ज्यांनी तो रशियन लिपीतून अक्षर लावून वाचला, त्यांनाच दोन्ही शब्द एकसारखे दिसतात, आणि दारूच्या दुकानदाराने तो वाचलेला नव्हता.

तिसरी गोष्ट अर्थाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या वापरात ‘बिस्त्रो’ हे जागेपेक्षा माणसाचे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या बोलीकोशांत त्याचा अर्थ ‘दारूविक्या’, म्हणजे दुकान चालवणारा गृहस्थ, असा दिलेला आढळतो. लोक ‘बिस्त्रोकडे जाऊ’ म्हणत, जसे आपण ‘वाण्याकडे जाऊ’ म्हणतो. त्याच्या बायकोसाठी ‘बिस्त्रोत’ असे स्त्रीलिंगी रूपही होते. माणसाचे नाव हळूहळू त्याच्या दुकानाला लागले. शब्दाचा प्रवास असा झाला असेल, तर ‘लवकर’ या क्रियाविशेषणापासून तो सुरू कसा झाला, याचे उत्तर कोसॅक कथेत मिळत नाही.

मग शब्द आला कुठून? कोशकार ‘मूळ अनिश्चित’ असे लिहितात आणि फ्रान्समधल्याच बोलींकडे बोट दाखवतात. पश्चिमेकडील प्वातू प्रांतात ‘बिस्त्रो’ असाच ऐकू येणारा एक शब्द होता. त्याचे लेखन निराळे होते आणि अर्थ गुरे राखणारा पोरगा किंवा हरकाम्या गडी असा होता. त्याचा अर्थ दारूविक्याच्या हाताखालचा पोऱ्या आणि पुढे स्वतः दारूविक्या असा सरकत गेला असावा, असे काहींचे मत आहे. उत्तरेकडे ‘बिस्तूय’ हा शब्द आहे. तिथे कॉफीत ब्रँडी मिसळून पितात त्या पेयाचे ते नाव, आणि हलक्या प्रतीच्या दारूलाही तो शब्द लावला जाई. पॅरिसच्याच बोलीत ‘बिस्तँगो’ म्हणजे बदनाम गुत्ता. शिवाय दारूविक्याला ‘मास्त्रोके’ म्हणत, त्याचे पुढे ‘त्रोके’ झाले, आणि हा शब्द आजही बिस्त्रोच्या अर्थाने चालतो. यांपैकी एकाचेही पारडे निर्णायकपणे जड नाही, कारण प्रत्येकात एखादा ध्वनी किंवा एखादा अर्थ अडतो. माझा कल प्वातूच्या शब्दाकडे आहे, कारण माणसाकडून दुकानाकडे जाणारा मार्ग त्यातच सरळ दिसतो. परंतु हे सर्व शब्द एकाच जगातले आहेत, आणि ते जग गरिबांचे, खेड्यांतून आलेल्यांचे, हातावर पोट असलेल्यांचे आहे, ही बाब मला व्युत्पत्तीच्या अंतिम निकालापेक्षाही मोलाची वाटते.

ते जग कसे होते, हे थोडे विस्ताराने सांगतो. फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य आणि त्याला लागून असलेला आव्हेरों हा डोंगराळ मुलूख आहे. जमीन कमी, हिवाळा कडक, घरात भावंडे फार. तिथले पुरुष अनेक पिढ्या पॅरिसला कामासाठी येत. सुरुवातीला ते पाणी वाहत. घरोघर नळ नव्हते, तेव्हा दोन बादल्या खांद्यावर घेऊन पाचव्या-सहाव्या मजल्यावर पाणी चढवणे हा त्यांचा व्यवसाय होता. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात ओस्मान या प्रशासकाने शहराची पुनर्रचना केली आणि बेलग्रां या अभियंत्याने लांबच्या झऱ्यांचे पाणी शहरात आणले. द्युईस नदीच्या खोऱ्यातून येणारा जलवाहक १८६५ साली सुरू झाला. पाणक्यांचा धंदा बुडत गेला, तसे ते लाकूड आणि कोळशाकडे वळले. कोळशाच्या अंधाऱ्या वखारीच्या एका बाजूला फळकुट टाकून ते पेलाभर वाईनही विकू लागले. गिऱ्हाईक कोळशाची गोणी सांगायला येई आणि उभ्याउभ्या एक पेला घेऊन जाई. ‘वाईन आणि कोळसा’ अशा पाट्या पॅरिसच्या गल्लोगल्ली दिसत. या लोकांना पॅरिसकर ‘बुन्या’ म्हणत. हे नाव त्यांच्या मुलखाच्या नावात कोळसेवाल्याचा फ्रेंच शब्द मिसळून गमतीने बनवलेले होते. त्यांची संख्या एवढी होती की १८८२ साली ‘लोव्हेर्न्या द पारी’ हे त्यांचे स्वतःचे वृत्तपत्र निघाले.

याच सुमारास कायदाही बदलला. दुसऱ्या साम्राज्याच्या, म्हणजे त्याच तिसऱ्या नेपोलियनच्या, काळात दारूचे दुकान उघडण्यासाठी सरकारी परवानगी लागे, कारण अशा दुकानांत राजकारण शिजते अशी सत्तेला धास्ती होती. १७ जुलै १८८० च्या कायद्याने ती अट काढून टाकली आणि केवळ लेखी कळवून दुकान उघडण्याची मुभा दिली. त्यानंतर छोटी दुकाने भराभर उघडली, आणि चारच वर्षांनी आपला शब्द छापील पानावर दिसतो. कायद्यामुळेच शब्द जन्मला असा माझा दावा नाही. परंतु गल्लीच्या कोपऱ्यावरचा हा दुकानदार नेमका त्याच वर्षांत सर्वत्र दिसू लागतो, आणि त्याला बोलीत नाव मिळण्यास १८१४ पेक्षा ही वर्षे कितीतरी अधिक साजेशी आहेत.

कोळशाच्या वखारीत आयुष्य काढलेल्यांची पुढची पिढी काय करू शकली, हेही वाचकांना ठाऊक असावे. मार्सलँ काझ हा आव्हेरोंचा गृहस्थ. त्याने १९२० साली पॅरिसची प्रसिद्ध ‘ब्रासरी लिप’ विकत घेतली. त्याच मुलखातून आलेल्या पॉल बूबाल याने १९३९ साली ‘काफे द फ्लोर’ घेतला. युद्धाच्या थंडीच्या वर्षांत तिथली शेगडी पेटती असे, आणि सार्त्र व सिमोन द बोव्हार हे तत्त्वज्ञ लेखक तिथे बसून तासन्‌तास लिहीत. फ्रेंच विचारविश्वाचा एवढा मोठा भाग ज्या टेबलांवर लिहिला गेला, ती टेबले आव्हेरोंच्या डोंगरातून आलेल्या माणसाच्या मालकीची होती. बिस्त्रोचा इतिहास सांगायचा तर तो या लोकांचा सांगितला पाहिजे. घोडेस्वारांच्या एका आरोळीवर सारे श्रेय देऊन टाकले, की पाणी वाहणारे, कोळसा विकणारे आणि पहाटे चारला दुकान उघडणारे हे नवराबायको इतिहासातून पुसले जातात. माझी खरी तक्रार एवढीच आहे.

अशा कथा का टिकतात, याचे उत्तर आपल्या शहरातही सापडते. ‘बॉम्बे’ हे नाव पोर्तुगीज ‘बोम बाहिया’, म्हणजे ‘चांगला उपसागर’, यावरून आले असे आपण शाळेपासून ऐकतो. परंतु पोर्तुगीजमध्ये ‘बाहिया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्याच्यापुढे ‘बोम’ लागत नाही, ‘बोआ’ लागते. ज्यांची ती मातृभाषा त्या खलाशांनी असे चुकीचे नाव ठेवले असेल हे संभवत नाही, आणि मुंबादेवीवरून आलेले मूळ नाव त्याआधीपासून इथे होतेच. तरीही ‘बोम बाहिया’ची कथा जगते, कारण तिच्यात जहाज आहे, खलाशी आहेत आणि एक निश्चित क्षण आहे. लोकव्युत्पत्तीला, म्हणजे शब्दाच्या जन्माच्या लोकांत रुळलेल्या कथेला, असा क्षण लागतो. रशियनांनीही याची नेमकी उलट कथा रचली आहे. त्यांच्या भाषेत फुकट्याला किंवा लबाडाला ‘शारोमीझ्निक’ म्हणतात. १८१२ साली मॉस्कोहून माघारी फिरलेले उपाशी फ्रेंच शिपाई दारोदार ‘शेर आमी’, म्हणजे ‘प्रिय मित्रा’, म्हणत भीक मागत, त्यावरून हा शब्द आला असे तिथे सांगतात, आणि शब्दशास्त्रज्ञ तेही ग्राह्य धरत नाहीत. दोन राष्ट्रांत युद्ध झाले आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या शिपायाच्या तोंडी आपला एक शब्द घातला. त्या युद्धाने फ्रेंच भाषेत मागे ठेवलेला अस्सल शब्द पाहायचा असेल, तर तो ‘बेरेझिना’ आहे. १८१२ च्या नोव्हेंबरअखेरीस ज्या नदीवर नेपोलियनच्या सैन्याची वाताहत झाली तिचे ते नाव. सर्वनाशाच्या अर्थाने तो शब्द फ्रेंच माणूस आजही रोजच्या बोलण्यात वापरतो.

आता आजच्या अर्थाविषयी थोडे. आपल्या लेखात बिस्त्रो, ब्रासरी आणि रेस्टॉरंट हे शब्द एकमेकांऐवजी वापरले आहेत, ते टाळता आले असते. ब्रासरी म्हणजे मूळची बिअर गाळण्याची जागा. १८७०-७१ च्या युद्धानंतर आल्सास प्रांत सोडून आलेल्या लोकांनी तिचा प्रसार वाढवला. ती मोठी, झगमगीत आणि दिवसभर जेवण देणारी असते. रेस्टॉरंट या शब्दाचा पहिला अर्थ अशक्त माणसाला तरतरी आणणारा मांसाचा कढ असा होता, आणि तो अठराव्या शतकात तो कढ देणाऱ्या जागेला लागला. बिस्त्रो या दोहोंपेक्षा लहान असतो. जस्ती रंगाच्या धातूने मढवलेला गल्ला, खडूने लिहिलेली पाटी, रोजचा एखादा ठरलेला पदार्थ, अंड्यावर घातलेले मेयोनेज, वासराच्या मांसाचा पांढरा रस्सा, सुरईतून ओतलेली वाईन आणि बहुधा मालक स्वतः समोर उभा, हे त्याचे रूप. ईव्ह कांदबोर्द या आचाऱ्याने १९९२ साली ‘ला रेगालाद’ उघडून मोठ्या हॉटेलांतील कौशल्य साध्या टेबलावर आणि परवडणाऱ्या दरात आणले, आणि पुढे या पद्धतीला ‘बिस्त्रोनोमी’ असे नावही पडले. २०१८ साली पॅरिसच्या बिस्त्रोंना आणि त्यांच्या फुटपाथवरील बैठकींना युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळावे, अशी मोहीम तिथल्या व्यावसायिकांनी सुरू केली, कारण अशी दुकाने एकामागून एक बंद होत होती. पुणे-मुंबईत ज्या चकचकीत जागांवर ‘बिस्ट्रो’ अशी पाटी लागते, त्यांनी हे नाव घ्यावे की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. तिथे गल्ल्यावर उभे राहून स्वस्तात दोन घास खाणे शक्य नसेल, तर त्या नावाचा मूळ गुण तिथे नाही, एवढे नोंदवतो.

आपणांस विनंती आहे की पुढील अंकात दोन-तीन ओळींची दुरुस्ती छापावी. हा शब्द १८८४ पासून छापील स्वरूपात आढळतो, त्याचे मूळ अनिश्चित असून बहुधा फ्रान्समधील बोलींत आहे, आणि १८१४ च्या कोसॅकांची कथा फ्रेंच कोशकार स्वीकारत नाहीत, इतका मजकूर पुरेसा होईल. फ्रेंच उच्चाराला ‘बिस्त्रो’ हे लेखन अधिक जवळचे आहे, तेव्हा शक्य झाल्यास तेही वापरावे. चौकटीसोबत ‘ला मेर कातरीन’च्या पाटीचे छायाचित्र होते. ते पुन्हा वापरायचे झाल्यास त्याखाली पाटीचे साल १९९४ असे अवश्य द्यावे.

आपला विश्वासू,
फ्रेंच भाषेचा एक निवृत्त शिक्षक, पुणे